वाचकांचे प्रश्न : कैसर, कॉन्स्टेबल आणि परेरा

युरोपातल्या राजघराण्यांवरच्या मागच्या लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत लढायांबद्दल फारसे कुणी विचारलेले नाही. विचारले आहे ते पदव्यांबद्दल, आडनावांबद्दल, गावांच्या नावांबद्दल. मला याचा मनापासून आनंद झाला. कॉलेजात हा विषय शिकवताना सनावळीला कंटाळलेली मुलेसुद्धा एखाद्या नावाचे मूळ सांगितले की वहीतून मान वर काढत. आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे देते.

प्रश्न : जर्मनीचा 'कैसर', रशियाचा 'झार' आणि व्हिक्टोरिया राणीची 'कैसर-ए-हिंद' ही पदवी यांचा एकमेकांशी संबंध आहे का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

आहे. तिन्ही शब्द एकाच माणसाच्या नावापाशी येऊन पोचतात : गायस ज्युलियस सीझर. त्यातले 'सीझर' हे ज्युलियस कुळातल्या एका शाखेचे नाव, म्हणजे जवळजवळ आडनावच. तो स्वतः सम्राट कधीच नव्हता. उलट हा राजा होऊ पाहतो आहे, या संशयावरूनच इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्चला सिनेटच्या बैठकीत त्याचा खून झाला. मृत्युपत्रात त्याने बहिणीच्या नातवाला, ऑक्टेव्हियनला, दत्तक घेतले होते. दत्तक मुलाने बापाचे नाव लावले, पुढे सत्ता मिळवली आणि इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने त्याला 'ऑगस्टस' ही उपाधी दिली. इ.स. ६८ मध्ये नीरोबरोबर ते घराणे संपले, पण नाव संपले नाही. गादीवर येणारा प्रत्येक जण 'सीझर' म्हणवून घेऊ लागला आणि आडनावाची पदवी झाली.

आपण इंग्रजीमुळे 'सीझर' म्हणतो. रोमन लोक 'काएसार' म्हणत, ग्रीक 'कैसार'. जर्मन टोळ्यांनी हा शब्द फार लवकर, तो 'क' शाबूत असतानाच उचलला, म्हणून त्यांचा 'कैसर'. स्लाव लोकांकडे तो 'त्सेसार' होऊन गेला आणि झिजून 'त्सार' झाला. त्यालाच आपण झार म्हणतो. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्गेरियाचा सिमेऑन ही पदवी लावत होता. रशियात या पदवीने राज्याभिषेक व्हायला १५४७ साल उजाडले, चौथ्या इव्हानच्या वेळी.

आता कैसर-ए-हिंद. पुष्कळांना वाटते की हे जर्मनीवरून घेतले असावे. तसे नाही. अरबी-फारसीत रोमच्या आणि नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाला शतकानुशतके 'कैसर'च म्हणत. १४५३ मध्ये ते शहर जिंकल्यावर तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमेद याने 'कैसर-ए-रूम' अशी पदवी घेतली होती. १८७६ मध्ये व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी करण्याचा कायदा झाला, तेव्हा इथल्या लोकांच्या कानाला परका वाटणार नाही असा शब्द हवा होता. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी हा फारसी शब्द सुचवला आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात तो जाहीर झाला. १९०० पासून त्याच नावाचे पदक देऊ लागले. गांधीजींना ते १९१५ मध्ये मिळाले आणि १९२० मध्ये त्यांनी परत केले. पंडिता रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळाले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बाईंच्या छातीवर ज्युलियस सीझरचे नाव असलेले पदक, हा विचार मनात आला की मला दरवेळी इतिहासाच्या लांबीचा अंदाज येतो.

रशियाचा शेवटचा झार निकोलस १९१७ मध्ये पायउतार झाला, जर्मनीचा शेवटचा कैसर विल्हेल्म १९१८ मध्ये. बल्गेरियाचा दुसरा सिमेऑन मात्र १९४६ पर्यंत त्सार होता. देश सोडावा लागला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तोच सिमेऑन २००१ मध्ये निवडणूक जिंकून त्याच देशाचा पंतप्रधान झाला.

याला जोडून एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका माणसाच्या नावाची पदवी होणे युरोपात दोनदा घडले. इ.स. ८०० च्या नाताळात रोममध्ये फ्रँकांचा राजा कार्ल याला सम्राटाचा मुकुट घातला गेला. इंग्रजी पुस्तकांतला शार्लमेन तो हाच. त्याच्या पूर्वेला राहणाऱ्या स्लाव लोकांवर त्याची इतकी छाप पडली की त्यांच्या भाषांत राजाला शब्दच 'कार्ल'वरून पडला : चेक 'क्राल', पोलिश 'क्रुल', रशियन 'करोल'. हंगेरियनांनी शेजाऱ्यांकडून घेऊन त्याचा 'किराय' केला. आणि 'कार्ल' या नावाचा मूळ अर्थ काय? नुसता 'माणूस', स्वतंत्र माणूस.

प्रश्न : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन यांत मोठा कोण? 'लॉर्ड' ही वेगळी पदवी आहे का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक, पुणे)

तुम्ही लिहिलेला क्रमच बरोबर आहे, ड्यूक सर्वांत वर आणि बॅरन सर्वांत खाली. परीक्षेपुरते एवढे पुरे. पण हे शब्द पाठ करण्याऐवजी समजून घ्या, मग विसरणार नाहीत.

लॅटिन 'डक्स' म्हणजे सैन्याच्या पुढे चालणारा, त्याचा ड्यूक झाला. व्हेनिसच्या प्रमुखाला 'डोज' म्हणत, तोही याच शब्दापासून. 'कोमेस' म्हणजे सोबती, सम्राटाच्या बरोबर असणारा, त्याचा काउंट झाला. काउंटच्या हाताखालचा 'व्हाइस-काउंट' तो व्हायकाउंट. 'मार्क' म्हणजे सरहद्द, ती सांभाळणारा मार्क्विस. सरहद्दीवरच्या माणसाकडे फौज जास्त, म्हणून त्याचा मान साध्या काउंटपेक्षा वरचा. बॅरन म्हणजे पुन्हा नुसता माणूस, राजाचा माणूस. इंग्लंडने एवढे सगळे फ्रेंचांकडून घेतले आणि एकाच ठिकाणी स्वतःचा जुना शब्द ठेवला : काउंटऐवजी अर्ल. पण अर्लच्या बायकोसाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता, म्हणून ती आजही काउंटेस.

आपल्या इतिहासातून उदाहरण घ्यायचे तर साताऱ्याचे राज्य खालसा करणारा डलहौसी इथे आला तेव्हा अर्ल होता. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये त्याला मार्क्विस केले. एका प्रांताची किंमत एक पायरी. आणि दुसरे उदाहरण जालना जिल्ह्यातल्या असईचे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांच्या फौजांविरुद्ध तिथे लढला तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली. १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईनंतर त्याला व्हायकाउंट करायचे ठरले. पदवी कुठल्या तरी गावाच्या नावाने घ्यायची असते. तो स्वतः रणांगणावर होता, म्हणून ते काम भावाकडे आले. भावाने नकाशात आडनावाशी मिळतेजुळते गाव शोधले आणि सॉमरसेटमधले वेलिंग्टन निवडले. त्या गावाशी या घराण्याचा फारसा संबंध नव्हता. १८१४ मध्ये तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि पुढे न्यूझीलंडच्या राजधानीला ते नाव मिळाले. मुळात 'वेलस्ली' हेही त्या कुटुंबाने १७९८ च्या सुमारास घेतलेले रूप. त्याआधी ते 'वेस्ली' असे लिहीत.

'लॉर्ड' ही वेगळी पायरी नाही, ते संबोधन आहे. मार्क्विसपासून बॅरनपर्यंत सगळ्यांना ते लागते. या शब्दाचे जुने इंग्रजी रूप 'हलाफवेअर्ड' असे होते. 'हलाफ' म्हणजे पाव, 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. घरातल्यांच्या आणि चाकरांच्या पोटाला घालतो तो लॉर्ड. 'लेडी' हा शब्दही तिथलाच, 'हलाफडिगे', कणीक मळणारी. पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाचे नाव अशा रीतीने चुलीपाशी सुरू होते.

उरल्या दोन पदव्या तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण माझ्या मते सगळ्यांत बोलक्या त्याच आहेत. 'मार्शल' म्हणजे जुन्या जर्मन बोलीत घोड्यांचा चाकर. 'कॉन्स्टेबल' म्हणजे 'कोमेस स्टाबुली', तबेल्याचा काउंट. दोघेही पागेतले, आणि कॉन्स्टेबल कितीतरी वरचा. फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल हा राजाच्या खालोखाल सैन्याचा मुख्य असे. त्याच्या हाती इतकी ताकद एकवटली की १६२७ मध्ये राजाचा मंत्री रिशल्यू याच्या अमलात ते पदच रद्द झाले. इंग्लंडमध्ये मात्र तोच शब्द खाली उतरत किल्ल्याच्या रखवालदारापर्यंत आणि मग गावच्या शिपायापर्यंत आला. १८२९ मध्ये लंडनचे पोलीस दल उभे राहिले तेव्हा सर्वांत खालच्या शिपायाला ते नाव मिळाले, आणि तिथून ते आपल्या चौकीत आले. मार्शल याच काळात वर वर गेला. नेपोलियनने १८०४ मध्ये आपल्या सर्वोच्च सेनापतींना मार्शल केले. आपल्याकडे १९७३ मध्ये सॅम माणेकशा फील्ड मार्शल झाले. एकाच पागेतून निघालेल्या दोन नोकऱ्या आज रस्त्यावरच्या शिपायापासून सेनापतीपर्यंत पसरल्या आहेत.

प्रश्न : आम्ही लेस्टरला (Leicester) राहतो. या गावाच्या नावात न उच्चारली जाणारी इतकी अक्षरे का? (मूळचे सांगलीचे एक कुटुंब, इंग्लंड)

ती अक्षरे रोमन छावणीची आहेत. लॅटिन 'कास्त्रा' म्हणजे लष्करी तळ. अँग्लो-सॅक्सन लोक आले तेव्हा त्यांना जागोजाग रोमन तटबंद्या पडलेल्या दिसल्या आणि त्यांनी अशा ठिकाणांना 'चेस्टर', 'कॅस्टर', 'सेस्टर' असे प्रत्यय लावले : मँचेस्टर, लँकेस्टर आणि तुमचे लेस्टर. उच्चार झिजला, लेखन राहिले. रोमन स्वतः तुमच्या गावाला 'राटे' म्हणत. ते नाव पुसले गेले.

तुम्हाला सुट्टीच्या दिवशी करता येण्यासारखे एक काम सांगते. लेस्टरभोवतीच्या गावांचा नकाशा घ्या आणि 'बी' ने संपणारी नावे पाहा : ओडबी, ब्लेबी, एंडरबी, ग्रोबी. हा 'बी' डेन्मार्कहून आलेल्यांचा, अर्थ गाव. नवव्या शतकात त्यांनी इंग्लंडचा हा भाग घेतला आणि लेस्टर त्यांच्या पाच मुख्य ठाण्यांपैकी एक होते. शेजारच्या डर्बीचे तर आधीचे नाव नॉर्थवर्दी होते, ते बाजूला पडून डॅनिश नावच चालले. 'टन' आणि 'हॅम' ने संपणारी गावे त्यांच्या आधीच्या अँग्लो-सॅक्सनांची. नकाशावर दोन रंगांनी खुणा केल्यात तर कोण कुठे वसले हे तुमच्या मुलांना स्वतः दिसेल.

प्रश्न : मोडी शिकताना आज्ञापत्र वाचले. त्यात टोपीकरांमध्ये 'वलंदेज' आणि 'डिंगमार' येतात. हे कोण? (एक वाचक, भोर)

वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी नावे घेतली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर पोर्तुगीज जिभेचा ठसा आहे, कारण कोकण किनाऱ्यावर आधी पोचले ते पोर्तुगीज. 'इंग्लेश'चे इंग्रज, 'ओलांदेश'चे वलंदेज, 'दिनामार्का'चे डिंगमार. डेन लोकांची वखार तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला १६२० पासून होती, तेव्हा अमात्यांना ते ठाऊक असणे साहजिक आहे. डेन्मार्कमधला 'मार्क' म्हणजे वर मार्क्विसमध्ये आला तोच, सरहद्द. डेन लोकांचा सरहद्दीचा मुलूख.

'फिरंगी' मात्र पोर्तुगीजांनी दिलेला नाही, तो त्यांच्यावर चिकटला. फ्रँक ही जर्मन टोळी पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समध्ये शिरली आणि देशाला नाव देऊन स्वतःची भाषा विसरली. अकराव्या शतकाच्या शेवटी धर्मयुद्धासाठी पश्चिम युरोपातून फौजा आल्या त्यांत फ्रान्सचे लोक पुष्कळ, म्हणून अरबांनी सगळ्यांनाच 'फरंज' म्हटले. ते फारसीतून आपल्याकडे आले. मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हटले की बहुधा पोर्तुगीज समजायचे, आणि युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग'. यादीतले 'फरासीस'सुद्धा त्याच फ्रँकांचे, म्हणजे अमात्यांच्या एका ओळीत एकाच टोळीचे नाव दोनदा आले आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे. आडनाव फर्नांडिस. लोक विचारतात, तुमचे पूर्वज पोर्तुगीज का? (एक वाचक, नालासोपारा)

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे, कारण माझे आडनाव परेरा आहे आणि माझी मातृभाषा मराठी. उत्तर : नाही. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या शेतकरी-बागायतदार कुटुंबांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा नव्या नावाबरोबर आडनावही मिळाले. ते कधी धर्मपित्याचे असे, कधी पाद्रीचे, कधी एखाद्या अधिकाऱ्याचे. म्हणून दोन फर्नांडिस कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही.

पण आडनाव उसने असले तरी पोकळ नाही. शेवटचा 'एस' म्हणजे 'चा मुलगा'. फर्नांडिस फर्नांदोचा, रॉड्रिग्ज रोद्रिगोचा, गोन्साल्विस गोन्सालोचा, हेन्रिक्स हेन्रीकचा. ही नावे ऐकायला पोर्तुगीज वाटतात, पण त्यांतली बहुतेक आहेत गॉथ लोकांची. गॉथ हे जर्मन वंशाचे. पाचव्या शतकात ते स्पेन-पोर्तुगालमध्ये आले, ७११ मध्ये अरबांनी त्यांचे राज्य बुडवले. त्यांच्या भाषेचे तिथे पुढे फारसे काही उरले नाही, उरली ती मुख्यतः लोकांनी मुलांना ठेवलेली नावे. फर्नांदोच्या उत्तरार्धात 'धाडस' असा अर्थ आहे, गोन्सालोच्या पूर्वार्धात 'युद्ध', रोद्रिगोमध्ये 'कीर्ती' आणि 'सत्ता'. तुमच्या रेशनकार्डावर एका मेलेल्या भाषेचा शब्द आहे, तो जपा.

दुसऱ्या प्रकारची आडनावे गावांची आणि नद्यांची. डिसोझा म्हणजे 'सोझा'कडचा. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली दोरू नदीला मिळणारी नदी. आपल्याकडे पेणकर, सातारकर म्हणतात तोच प्रकार. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा याच आडनावाचा, आणि त्याच्याच आरमाराबरोबर आलेले सेंट फ्रान्सिस झेवियर. 'झेवियर' हे स्पेनच्या नावारा प्रांतातल्या एका किल्ल्याचे नाव, बास्क भाषेतल्या 'एचे बेरी'पासून आलेले. अर्थ 'नवे घर'. वसईत दिसणारे तुस्कानो हे मूळचे 'तोस्कानो', इटलीतल्या टस्कनीचा. अल्मेडा हे गाव पोर्तुगालचे, पण त्याचे नाव अरबीतून आलेले.

तिसरी आडनावे झाडांची आणि वस्तूंची. परेरा म्हणजे नाशपातीचे झाड, ऑलिव्हेरा ऑलिव्हचे, कार्व्हालो ओकचे. सिल्वा म्हणजे रान, मचाडो म्हणजे कुऱ्हाड, लोबो म्हणजे लांडगा. आमच्या वाडीत केळी होती, पानवेली होत्या, विहिरीवर रहाट होता. नाशपाती कधी नव्हती. तरीही हे आडनाव मी कधी परके मानले नाही. माझ्या घरच्या पिढ्यांनी ते चिखलात उभे राहून लावले, सातबाऱ्यावर लिहिले, थडग्यावर कोरले. नाव ज्याने वापरले त्याचे असते, असे मी मानते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आले आहे की स्कँडिनेव्हिया म्हणजे 'स्कंदनाभी' आणि व्हॅटिकन म्हणजे 'वाटिका'. हे खरे का? (एक निवृत्त शिक्षक, लातूर)

नाही, आणि तुम्ही पुढे पाठवण्याआधी विचारलेत याबद्दल आभारी आहे. आजचे इंग्रजी रूप घेऊन त्याच्यासारखा ऐकू येणारा संस्कृत शब्द शोधला की कुठलेही नाव कशापासूनही निघते. नावाचे सगळ्यांत जुने लेखन आधी पाहावे लागते. स्कँडिनेव्हियाचा उल्लेख पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी करतो, आणि तिथल्या मूळ रूपात 'द'च्या आधी अनुस्वार नव्हताच. तो हस्तलिखितांत नंतर शिरला. जुन्या इंग्रजीत आणि जुन्या नॉर्स भाषेतही तो नाही. स्वीडनच्या दक्षिण टोकाला आजही 'स्कोने' म्हणतात, ते याच नावाचे रूप. उत्तरार्धाचा अर्थ बेट किंवा पाण्याकाठची जमीन. मग 'स्कंद' आणायचा कुठून? व्हॅटिकन हे टायबर नदीपलीकडच्या जागेचे नाव ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून आहे. पहिल्या शतकातला कवी मार्शल तिथल्या वाईट दारूला नावे ठेवतो. वाटिकेशी त्याचा संबंध दाखवणारा एकही जुना दाखला नाही.

मला वाईट याचे वाटते की या ओढूनताणून लावलेल्या अर्थांमुळे खरी नाती झाकली जातात. आणि खरी नाती किती सुंदर आहेत! संस्कृत 'राजन्', लॅटिन 'रेक्स', आयर्लंडचा 'री' हे सख्खे शब्द आहेत. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरशी लढलेला गॉल (आजच्या फ्रान्समधल्या केल्ट लोकांचा) सेनानी व्हर्सिंगेटोरिक्स, त्याच्या नावाच्या शेवटी 'रिक्स' आहे तो राजाच. केल्टांकडून तो शब्द जर्मन टोळ्यांनी घेतला, त्याचा 'राइश' झाला, रिचर्ड आणि हेन्रिक या नावांत तो गेला, आणि वर सांगितलेल्या रोद्रिगोमधली 'सत्ता' ती हीच. म्हणजे वसईच्या रॉड्रिग्जच्या आडनावात आपला राजा खरोखरच आहे, फक्त तो गॉथ, पोर्तुगाल आणि समुद्र असा फिरून आला.

तसेच नद्यांचे. ऋग्वेदात 'दानु' शब्द ओघळत्या पाण्यासाठी येतो. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'दानु' म्हणजे नदी. काळ्या समुद्राच्या उत्तरेला इराणी भाषा बोलणारे शक आणि सरमाशियन राहत होते. तिथल्या डॉन, नीपर आणि नीस्टर या तिन्ही नद्यांच्या नावांत हा शब्द आहे, आणि डॅन्यूबचे लॅटिन नाव 'दानुवियस' याच मुळाचे. त्या लोकांचे भाषिक वारस कॉकेशसमध्ये ओसेटियात आहेत. त्यांच्या बोलीत पाण्याला आजही 'दोन' म्हणतात.